बदकाचा जिल्हा

सुधाकररावांना चुकीचा पत्ता सहन होत नाही. लग्नाची पत्रिका हातात आली की लोक मुहूर्त बघतात, पंगत कधी आहे ते बघतात. हे आधी गावाखालचा तालुका बघणार आणि मग जिल्हा. निर्मल वेगळा जिल्हा होऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी सवयीने मुधोळखाली आदिलाबाद छापलं, की हे भर मांडवात नवऱ्यामुलाच्या बापाला गाठून सांगणार, "पत्रिका चुकली तुमची." बाप बिचारा आचाऱ्याच्या मागे धावत असतो. तो म्हणतो, "जाऊ द्या ना सर, पाहुणे तर बराबर पोचले." ह्यांचं उत्तर ठरलेलं. "पाहुणे पोचले. कागद चुकलेलाच राह्यला ना!"

आदिलाबादच्या एका जुन्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवतात. मुलं मागून त्यांना 'दुरुस्ती सर' म्हणतात, आणि ते त्यांना माहीत आहे. राग कायम नाकावर. बँकेत, गॅसच्या दुकानात, वीजबिलाच्या खिडकीवर, सगळीकडे त्यांचं एकदा तरी वाजलेलं आहे. बायको रंजीता इचोड्याच्या व्यापाऱ्याची लेक, ती घराच्या पुढच्या खोलीत बांगड्यांचं दुकान चालवते आणि गिऱ्हाइकाला हसत हसत सांगते, "ह्यायच्या संगं बजारात जायाचं म्हणजे आधी भांडन घ्यायचं, मंग भाजी."

पण ह्या रागाला मूळ आहे. सुधाकरराव मुधोळचे. त्यांचे आजोबा त्या घरात राहत होते तेव्हा मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. राज्यांची फेररचना झाली, तालुका उचलून आदिलाबादला जोडला, आणि वडिलांचं सगळं आयुष्य त्या पत्त्यावर गेलं. आता तिथे निर्मल जिल्हा आहे. एवढं सगळं झालं तरी घराची एक वीटसुद्धा जागची हलली नाही. तरुणपणी ते नांदेडला नोकरी मागायला गेले, तर तिथल्या माणसाने कागद चाळून विचारलं, "तुम्ही आंध्रातले ना?" इकडे कुणाशी वाद झाला, की समोरचा हटकून म्हणतो, "आप महाराष्ट्रवाले." ह्या दोन वाक्यांमध्ये त्यांची उमेद गेली, आणि ती गेल्याचं दुःख त्यांना अजूनही होतं. पत्त्याचं नाव काढलं की म्हणूनच त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कॉलेजच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. तिला म्युझियम म्हणतात. बरण्यांमध्ये साप, एक पंख पसरलेलं वटवाघूळ, मगरीचं कातडं, आणि भिंतीलगतच्या काचेच्या कपाटात पेंढा भरलेले पक्षी. बहुतेक पक्ष्यांची रया गेलेली. पण मधल्या फळीवर एक नर बदक उभं होतं, त्याचं डोकं अजून हिरवंगार होतं. गळ्यात पांढरी कंठी, छाती तपकिरी, शेपटावर दोन काळी पिसं वर वळलेली. पुस्तकात त्याला मलार्ड म्हणतात. साऱ्या जगावर ओरडणारा हा माणूस त्या कपाटापुढे आला की आवाज खाली करायचा.

ते बदक त्यांचे गुरू भगवानराव यांनी मारलेलं आणि त्यांनीच भरलेलं होतं. मारलं ते मुधोळच्याच तलावावर, एका कडाक्याच्या थंडीत, एकोणीसशे पंचावन्न साली. ही जात हिवाळ्यात लांब उत्तरेकडून येते आणि सहसा उत्तरेतच थांबते. आपल्याकडे इतक्या खाली ती दिसणं म्हणजे नवल. त्यात पाळलेली बदकंही ह्याच जातीची आणि कधी कधी दिसायला हुबेहूब अशीच. त्यामुळे नुसतं बदक बघून ते रानातलं की कुणाच्या अंगणातलं, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. ते सांगते फक्त चिठ्ठी. भगवानरावांनी लाकडी पाटावर, बदकाच्या पायाशी, टाकाने लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी डकवली होती. नर. मोठ्या थव्यातून बंदुकीने मारला. मुधोळचा तलाव, तालुका मुधोळ, जिल्हा नांदेड, हैदराबाद राज्य. खाली तारीख आणि सही.

विद्यार्थी असताना सुधाकररावांनी एकदा विचारलं होतं की एवढ्या पक्ष्यांत ह्याचं काय मोठं. म्हातारे भगवानराव चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले होते, "हे चिठ्ठी हाय तवर हे पाखरू हाय. चिठ्ठी गेली का मंग निस्ती कापूस भरलेली उशी." पुढे दर वर्षी पहिल्या तासाला सुधाकरराव हेच वाक्य पोरांना ऐकवत आले. ते नांदेडही त्यांना आवडायचं. त्या एका चिठ्ठीवर त्यांचं गाव जिथल्या तिथे होतं, आणि कुणी येऊन त्याला आंध्रातलं की महाराष्ट्रातलं विचारत नव्हतं.

ऐन पावसाळ्यात प्राचार्यांनी बोलावून घेतलं. खोली कॉम्प्युटर लॅबसाठी पाहिजे होती. हैदराबादचं एक मोठं संग्रहालय जुन्या कॉलेजांमधले नमुने घेणार होतं, पण एका अटीवर. प्रत्येक नमुन्याची नोंद त्यांच्या पोर्टलवर पूर्ण भरलेली आणि मंजूर झालेली हवी. ज्याची नोंद नाही त्याची जबाबदारी नाही.

"म्हणजे काय करायचं त्याचं?" सुधाकररावांनी विचारलं.

"नगरपालिकेची गाडी येते ना रोज सकाळी," प्राचार्य म्हणाले, आणि चहा मागवला. सुधाकरराव चहा न घेताच उठले.

सापांच्या, बेडकांच्या नोंदी सरसर झाल्या. मगरही गेली. बदकापाशी पोर्टल अडून बसलं. तिथे राज्य निवडायचं, मग जिल्हा, मग तालुका. लिहायची सोय नाही, यादीतलंच घ्यायचं. नांदेड हवं तर राज्य महाराष्ट्र घ्यावं लागे, आणि त्यात मुधोळ नसे. आदिलाबाद निवडलं तर तिथेही मुधोळ नसे. निर्मलमध्ये मुधोळ सापडलं, पण तारीख टाकताच लाल अक्षरं आली, की हा जिल्हा त्या तारखेला अस्तित्वात नव्हता. तो नव्हता हे सुधाकररावांना चांगलं ठाऊक होतं. तेच तर ते जन्मभर लोकांना सांगत आले होते.

मदतीच्या नंबरावर कुणी तरुण मुलगा होता.

"सर, नांदेड तो महाराष्ट्र में है."

"उस वक्त नहीं था."

"सर, नांदेड हमेशा महाराष्ट्र में ही है. आप मॅप देखिए."

"अरे, मैं वहीं का हूँ!" सुधाकरराव ओरडले. स्टाफरूममधल्या सगळ्यांनी माना वर केल्या. "मेरे दादा नांदेड जिले में थे, मेरा बाप आदिलाबाद जिले में, और हम सब एकही घर में थे!"

"तो सर, आपको कौनसा सिलेक्ट करना है?" त्याने शांतपणे विचारलं. सुधाकररावांनी फोन टेबलावर आपटला.

त्यातून आणखी एक घोळ झाला. रागाच्या भरात बटणं दाबताना कुठेतरी बदकाची नोंद पाळीव पक्ष्यांत गेली. आठवडाभराने पशुवैद्यकीय खात्यातून फोन आला. तेव्हा सुधाकरराव वर्गात होते.

"आपके पास एक बदक है? टीका लगा है क्या उसको?"

"वो मर गया."

"कब मरा?"

"उन्नीस सौ पचपन में."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग त्या माणसाने तितक्याच गंभीरपणे विचारलं, "बीमारी से?"

"गोली से!" सुधाकरराव म्हणाले, आणि अख्खा वर्ग हसायला लागला. त्यांनी वर्ग सोडून दिला. घरी येऊन हे सांगितलं तर रंजीतानेही पदर तोंडाला लावला. "अवो, आना ना त्याले घरी," ती म्हणाली. "मी त्याले दाने टाकते, तुमी त्याच्यासंगं बोलत बसा. निदान माह्यावर तरी चिडनार नाही."

"तुले हसू येते. त्या पाखराले कचऱ्यात टाकून राह्यले ते लोकं."

ती हसायची थांबली.

शेवटी दसरा होऊन गेल्यावर एकदाचं माणूस भेटलं. संग्रहालयात नोंदी तपासणाऱ्या पूनमबाईंनी अडकलेली नोंद पाहून स्वतःच फोन केला. त्या मूळच्या लातूरकडच्या, आणि त्यांनी पहिल्याच मिनिटाला म्हटलं, "सर, मुधोळ तेव्हा नांदेडमध्ये होतं, बरोबर? मी बघितलं." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हे त्यांच्या आधी बोललं होतं.

"यादीचं मी बघते," पूनमबाई म्हणाल्या. "मी हाताने मंजुरी देऊ शकते. पण मला मूळ चिठ्ठीचा स्पष्ट फोटो लागेल. तुम्ही शेऱ्यात लिहिलेले 'थव्यातून मारला' हे शब्द त्यावर वाचता आले पाहिजेत. तेवढं असलं की रानातला पक्षी म्हणून त्याची नोंद पक्की. फार मोलाचा नमुना आहे सर हा."

"आत्ता पाठवतो," सुधाकरराव म्हणाले. ते जवळजवळ पळतच म्युझियममध्ये गेले, कपाट उघडलं, बदक अलगद टेबलावर आणून ठेवलं, खिशातून फोन काढला, आणि तसेच उभे राहिले.

चिठ्ठी दिसतच नव्हती. तिच्या जागी हळदीकुंकवाची खपली होती. पिवळ्यावर लाल, लालवर पिवळं, थरावर थर, वरचा थर तर परवाच्या आयुधपूजेचा अजून ओलसर वाटावा असा. कुठेकुठे कडेला एखादं निळंकाळं अक्षर डोकं वर काढून होतं. बाकी सगळं लिंपलेलं.

आमच्याकडे दसऱ्याच्या सुट्टीआधी कॉलेजात आयुधपूजा होते. सूक्ष्मदर्शकांना, तराजूंना, प्रिन्सिपॉलच्या गाडीला, म्युझियममधल्या एकेका जनावराला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहतात. सुधाकररावांचा ह्यावर विश्वास नाही. ते दर वर्षी कपाळाला आठ्या घालून व्हरांड्यात उभे राहत आणि प्रसादाचा पेढा मात्र घेत. आत काय चालतं हे त्यांनी कधी डोकावून पाहिलं नाही. कपाटापुढे उभे राहिले की त्यांचे डोळे त्या हिरव्या डोक्यावरच जात, आणि चिठ्ठी तर त्यांना तोंडपाठ होती. पाठ असलेला मजकूर कशाला कोण वाचतो?

"मनकर्णाबाई!"

मनकर्णाबाई म्हणजे त्या विभागाच्या अटेंडर. सुधाकरराव नोकरीला लागले त्याच्या पुढच्याच वर्षी त्या आल्या, आणि तेव्हापासून ह्यांचा आवाज ऐकत आलेल्या. त्या हातातलं फडकं घेऊन दारात आल्या.

"हे काय केलं तुमी? हे काय हाय?" सुधाकररावांचा आवाज फाटला होता. "कागदावर हळद लावतेत का? अक्कल हाय का नाही?"

मनकर्णाबाईंनी पाटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तुमीच सांगतलं होतं, सर."

"मी? मी काऊन सांगन असं?"

"पयल्या सालीच. मी पाखराच्या डोक्याले बोट लावून राह्यली होती, तर तुमी किती चिल्लावले माह्यावर. म्हने, पाखराले हात लावाचा नाही, पिसं खराब होते. लावाचं असन तर खाली लावा." त्या थांबल्या. "तवापासून मी खालीच लावते. पिसाले आजवर बोट नाही लावलं."

सुधाकररावांना ते आठवलं. अगदी शब्दन् शब्द आठवला, आणि त्यामुळे ते जास्तच भडकले. स्वतःवर आलेला राग माणसाला कुठे ठेवावा कळत नाही. तो समोर उभ्या असलेल्यावर काढणं सोपं. "मी पाटाले म्हटलं होतं, चिठ्ठीले नाही! आता फोटो काय कपाळाचा काढू?" असं म्हणत त्यांनी स्पिरिटची बाटली आणि कापूस ओढला.

"सर, आज राहू द्या," मनकर्णाबाई म्हणाल्या. "चिडलेल्या हातानं नका करू. कोनाले तरी इचारून करा."

"कोनाले इचारू? भगवानरावाची शाई हाय हे. जात नसते." हे वाक्यही ते पोरांना दर वर्षी सांगत. भगवानराव कधी न पुसणाऱ्या शाईशिवाय लिहीत नसत, म्हणून. ते कुणी तपासून पाहिलं नव्हतं, त्यांनी स्वतःही नाही.

कापूस भिजवून त्यांनी पहिला हात फिरवला. हळद सुटली, छान सुटली, कापूस पिवळाधमक झाला. खालून अक्षरं वर आली. नर. थव्यातून. सुधाकररावांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी नवा कापूस घेतला आणि दुसरा हात जरा जोराने फिरवला. कापूस पिवळा झाला, तांबडा झाला आणि मग निळा झाला.

तो निळा रंग पाहून ते थांबले, पण तोवर उशीर झाला होता. स्पिरिट कागदात मुरलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत शाई पसरत चालली. आधी सही गेली. मग तारीख, मग मुधोळ, मग नांदेड. त्यांनी टिपकागद दाबला, फुंकर मारली, फाईलने वारा घातला. थोड्या वेळाने पाटावर एक पिवळट हिरवा कागद उरला, त्यावर एकही अक्षर नव्हतं.

मग मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "एवढी सालं मी हळद लावली, सर. खाली अक्षर होतं. तुमी एकडाव पुसलं."

त्या हे चिडून बोलल्या नाहीत. चिडल्या असत्या तर सुधाकररावांना बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. ते टेबलाजवळच्या स्टुलावर बसून राहिले. आपण हे केलं, भगवानरावांनी नाही, पोर्टलने नाही, नांदेडवाल्यांनी नाही, हे त्यांच्या गळी उतरायला वेळ लागला.

कॉम्प्युटर शिकवणारे भूषण सर दुसऱ्या दिवशी खोलीची मापं घ्यायला आले. वयाने लहान, स्वभावाने गोड, आणि अडचण दिसली की तोड काढणारे. सगळं ऐकून ते म्हणाले, "सर, ह्यात रडासारखं काय हाय? तुमाले मजकूर पाठ हाय. जुना कागद घ्या, टाक घ्या, लिहा. चहाच्या पान्यात बुडवून वाळवा. फोटोत कोनाले काय समजते? आन् खोटं तर काईच नाही त्यात. होतं तेच लिहून राह्यले ना तुमी."

शेवटचं वाक्य सुधाकररावांच्या डोक्यात बसलं. खोटं तर काहीच नाही. घरी जाऊन त्यांनी जुन्या वहीचं कोरं पान काढलं. विद्यार्थी असताना भगवानरावांच्या कितीतरी चिठ्ठ्या त्यांनीच उतरवलेल्या. ते वळण त्यांच्या हातात होतं. रंजीताने न विचारता चहाचं कोरं पाणी बशीत आणून ठेवलं. कागद वाळला तेव्हा त्यांनाच धस्स झालं. तीच चिठ्ठी. सहीचा शेवटचा फराटासुद्धा तोच.

"झालं ना मंग? धाडा," रंजीता म्हणाली. "वाचलं तुमचं पाखरू."

त्यांनी फोटो काढला. पूनमबाईंचा नंबर काढला. बोट बटणावर ठेवलं आणि उचललं, असं दोनतीनदा झालं. दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून रंजीता उठून गेली, बांगड्या दाखवून परत आली, तरी ते तसेच.

"काऊन? काय झालं आता?"

"सही," सुधाकरराव म्हणाले. "बाकी सारं खरं हाय. पन सही त्यायची नाही. आन् ही एक चिठ्ठी मी केली असं कधी कळलं, तर ते बाकीच्याय चिठ्ठ्यायवर कोन भरोसा ठेवन? मगरीच्या, सापाच्या... भगवानरावाच्या साऱ्याच खोट्या ठरतीन." मग एकदम चिडून म्हणाले, "जनमभर लोकायच्या पत्रिका तपासल्या मी, रंजीता! आन् आता हे करू?"

त्यांनी चहाची चिठ्ठी फाडली. मग दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन पाटावरच्या त्या अक्षर नसलेल्या कागदाचा फोटो पूनमबाईंना पाठवला आणि खाली खरं ते सगळं लिहिलं. मजकूर काय होता, तो कसा गेला, कुणाच्या हाताने गेला. 'कुणाच्या' ह्या शब्दाशी त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

पूनमबाईंचं उत्तर यायला दोन दिवस लागले. त्यांनी फोनच केला. "सर, मी वरिष्ठांशी भांडले," त्या म्हणाल्या. "पण आठवणीवरून ठिकाण धरता येत नाही. मूळ चिठ्ठी नाही म्हणजे स्थळ अज्ञात. मुलांच्या दालनात मांडायला मी तो नक्की घेऊन येते, एवढंच मला करता आलं."

"म्हणजे कचऱ्यात नाही जाणार."

"नाही, नाही. छान ठेवू आम्ही."

दिवाळीच्या आधी संग्रहालयाची व्हॅन आली. बरण्या भुशाच्या खोक्यांत गेल्या, मगर गुंडाळली गेली. पूनमबाई स्वतः आल्या होत्या. त्यांनी प्रत्येक नमुन्याला छापील पट्टी बांधली. बदकाची पट्टी बांधताना त्यांनी सुधाकररावांकडे पाहिलं नाही. सुधाकररावांनी मात्र चष्मा पुसून ती वाचली. मलार्ड, नर. स्थळ अज्ञात. बहुधा पाळीव.

"हे बहुधा पाळीव काऊन?" त्यांच्या तोंडून घरची बोलीच निघाली.

पूनमबाई अवघडल्या. "सर, नियम आहे. आपल्या भागात रानातला मलार्ड फार क्वचित दिसतो. ठिकाणाचा पुरावा नसेल, तर मग तो पाळीवच धरतात."

म्हणजे क्वचित होता म्हणून तो मोलाचा होता, आणि आता क्वचित म्हणूनच कुणाच्या तरी अंगणातला. सुधाकररावांनी खिशातलं पेन काढलं. सगळ्यांना वाटलं, आता हे दुरुस्ती करणार. पूनमबाईंनीही त्यांना अडवलं नाही. सुधाकररावांनी पट्टी हातात धरली, थोडा वेळ तशीच धरली, आणि पेन पुन्हा खिशाला लावलं. काय लिहिणार? आपल्या गावाचा, आपल्या गुरूचा, त्या थंडीतल्या थव्याचा एकुलता एक कागद त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला होता. आता ह्या पट्टीवर जे छापलं होतं, तेच बरोबर होतं.

एवढ्यात मनकर्णाबाई ताट घेऊन आल्या. घरातलं कुणी लांब निघालं की ओवाळून लावून द्यायचं, ही त्यांची रीत. इतकी वर्षं पुसलेली जनावरं जाताना ती मोडायचं त्यांना काही कारण दिसलं नाही. त्यांनी मगरीच्या गाठोड्याला हळद लावली, बरण्यांच्या खोक्यांना लावली, आणि बदकापाशी येऊन त्यांचं बोट हवेतच थांबलं.

"सर, कुठं लावू?"

सुधाकरराव व्हरांड्यात उभे होते, दर दसऱ्याला उभे राहत तिथेच. ते आत आले.

"डोक्याले लावा."

"पिसं खराब होतीन ना?"

"होऊ द्या. खाली लावू नका. तिथं आता काई राह्यलं नाही."

मनकर्णाबाईंनी त्या हिरव्या डोक्यावर हळदीचं बोट टेकवलं, मग कुंकवाचं. दारातून वारा येत होता आणि ताटातली ज्योत फडफडत होती. सुधाकररावांनी पुढे होऊन तिच्याभोवती दोन्ही हातांचा आडोसा धरला.